सटवाईनं दौत सांडली

डॉक्टरांनी सांगितलेलं नाव घरी येऊन आईला सांगितलं, तेव्हा तिनं आधी माझ्याकडं पाहिलं आणि मग स्वयंपाकघराकडं.

"कोणच्या ओट्यावर आपटलीस?"

"आपटले नाही गं. या डागाचं नावच ओटा आहे. ओटाचा नेव्हस."

"डागाला ओटा म्हणतेत?"

"एका जपानी डॉक्टरचं आडनाव आहे ते."

आई भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "बरं झालं माय, नाव तर सापडलं," एवढंच म्हणाली.

हे २०११ सालचं. मी तेव्हा ३१ वर्षांची होते. तोवर माझ्या डागाला नाव नव्हतं असं अजिबात नाही. उलट नावं फार होती. शेजारच्या काकू वांग म्हणायच्या. गावातली म्हातारी माणसं लासं म्हणायची. शाळेत पोरं 'शाई' म्हणून हाका मारायची आणि मी वळून बघायचेही, इतकं ते अंगवळणी पडलं होतं. लग्न ठरताना एका पाहुण्यानं दबक्या आवाजात "हे कोड तर नव्हं?" असं विचारलं होतं. कोड पांढरं असतं हे त्यालाही माहीत असणार. पण चेहऱ्यावर काही दिसलं की माणसाला आधी भीतीच सुचते.

डाग कसा आहे ते सांगते. डाव्या भुवईच्या वर, कपाळावर तो सुरू होतो. पापणीवर दाट होतो, डोळ्याखालून गालाच्या हाडावर पसरतो आणि नाकाच्या कडेला येऊन थांबतो. रंग राखाडी-निळा, मध्येमध्ये तपकिरी ठिपके. त्याला नेमकी कड नाही. टीपकागदावर शाई उतरावी तसा तो विरत जातो. बोट फिरवलं तर काहीच लागत नाही, कातडी गुळगुळीत. आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात, कानाकडच्या कोपऱ्यात, पाटीच्या रंगाचा एक तुकडा आहे. तो लोकांना उशिरा दिसतो. दिसला की समोरचा माणूस बोलता बोलता अडखळतो, आणि मला कळतं की आता दिसला.

आजीचं स्पष्टीकरण सगळ्यांत जुनं आणि मला सगळ्यांत आवडणारं. आमच्याकडं बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी सटवाईची पूजा करतात. कोरा कागद, लेखणी मांडून ठेवायची आणि रात्रभर दिवा विझू द्यायचा नाही. रात्री सटवाई येते, बाळाच्या कपाळी लिहायचं ते लिहून जाते. आजी सांगायची, माझ्या पाचवीच्या रात्री वारं सुटलं, दिवा फडफडला, सटवाईला नीट दिसेना आणि तिच्या हातून दौत कलंडली. "लिव्हलंय चांगलंच. पर शाई सांडली त्याला ती तरी काय करंल?"

आजीच्या स्वतःच्या कपाळावर गोंदलेली चिरी होती. हनुवटीवर तीन ठिपके, डाव्या हातावर तुळशीवृंदावन आणि त्याखाली काहीतरी अक्षरं, जी आता तिलाही वाचता येत नव्हती. "मेल्यावर अंगावरचं सोनं काढून घेतेत, हे कुणी काढीत न्हाई," असं ती म्हणायची. मी लहानपणी तिच्या कुशीत झोपले की माझा गाल तिच्या हाताला लावून आरशात बघायचे. दोन्हींचा रंग जवळजवळ एकच. तिचं होतं ते लेणं आणि माझं होतं ते लांछन. का, ते मला कळायचं नाही. तिनं तर पैसे देऊन, रडून, सुया टोचून घेतलं होतं. मला फुकट मिळालं होतं.

आईकडं मात्र गोष्ट नव्हती. तिला विचारलं की ती कामाला लागायची.

चेहरा नीट करायची धडपड घरात सतत चालू होती. जायफळ दुधात उगाळून लावलं. मसुराच्या डाळीचं पीठ, कोरफड, लिंबू, कुणी सांगितला तो प्रत्येक लेप लावून झाला. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर डाग गडद व्हायला लागला तसे लेपही दाट झाले. पुढं डीएडला असताना तालुक्याच्या एका मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. महिनाभरात चेहरा उजळला, मैत्रिणी विचारायला लागल्या. मी ती तीन वर्षं लावली. मग गाल लाल व्हायला लागले, उन्हात आग व्हायची, हनुवटीवर लव वाढली, आणि ट्यूब बंद केली की चेहरा पेटून उठायचा. स्टेरॉइड असतं त्यात, हे फार पुढं कळलं. डाग होता तिथंच राहिला, त्याच्या भोवतालचा चांगला चेहरा तेवढा मी बिघडवून घेतला.

आणि फोटो. २००१ साली दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्थळांसाठी फोटो काढायला नेलं. फोटोग्राफरनं मला स्टुलावर बसवलं आणि हनुवटीला धरून तोंड असं वळवलं की डावा कानही येऊ नये. प्रिंट आल्यावर उरलंसुरलं ब्रशनं साफ केलं. फोटो छान होता. फोटो बघून सात स्थळं आली, पोहे खाऊन सातही "कळवतो" म्हणून गेली. एका घरच्या बाईंनी दादांना विचारलं, "हे पसरतंय का?" जणू मी म्हणजे शेतातला लव्हाळा.

आठव्या वेळी दादा मला पुन्हा त्याच स्टुडिओत घेऊन गेले. म्हणाले, "डाव्या बाजूनं काढा." फोटोग्राफर त्यांच्याकडं बघतच राहिला. त्या फोटोवर फक्त एक स्थळ आलं. तेच झालं. माझे सासरे नंतर सांगायचे की मुलगी नंतर पाहिली, आधी असला फोटो पाठवणारा बाप कसा असेल ते बघायला आम्ही आलो होतो.

सासूबाई बारीक नजरेच्या. लग्नानंतर वर्षभरात त्यांनी मला सांगितलं, "सकाळी तुझं फिक्कं असतंय. सांजच्याला दमलीस की निळं पडतंय. पाळीत तर लईच." मला वाटलं, यांचं आपलं काहीतरी. पुढं डॉक्टरांना सहज सांगितलं तर ते म्हणाले, अगदी बरोबर आहे. थकवा, पाळी, हवामान यांनी या डागाची छटा बदलते, असं पुस्तकातच लिहिलंय. माझ्या सासूबाई तिसरी शिकलेल्या.

नाव कळलं तेही माझ्यासाठी गेल्यावर नव्हे. दादांचा मोतीबिंदू दाखवायला गेलो होतो. डॉक्टर दादांना तपासत होते आणि बघत माझ्याकडं होते. मला सवय होती, पण हे बघणं वेगळं होतं. दादांचं झाल्यावर म्हणाले, "तुम्ही बसा आता." यंत्रावर हनुवटी टेकवली. त्यांनी डोळ्याचा दाब मोजला, औषध घालून बाहुली मोठी करून आत पाहिलं. मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि ३१ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या डागाबद्दल बोलत होतं आणि त्यात दोष कुणाचाच नव्हता.

रंग तयार करणाऱ्या पेशी गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत पाठीच्या बाजूनं निघतात आणि अंगभर पसरत त्वचेच्या वरच्या थरात जाऊन बसतात. काहींच्या बाबतीत त्यांतल्या काही पेशी वाटेतच, त्वचेच्या आतल्या थरात अडकतात. चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसेच्या तीन शाखा असतात. हा डाग साधारण वरच्या दोन शाखांच्या इलाख्यात पडतो. म्हणून कपाळ, पापणी, गाल, नाकाची कड. म्हणून बहुतेक एकाच बाजूला. दोन्ही बाजूंना क्वचित. निम्म्याहून जास्त जणांना जन्मतः किंवा पहिल्या वर्षात दिसतो, बाकीच्यांना वयात येताना. जपान आणि पूर्व आशियात जास्त, आपल्याकडंही आढळतो. तपासायला येणाऱ्यांत बायका पुरुषांच्या कितीतरी पट. त्यावर डॉक्टर हसून म्हणाले, "पुरुष येतच नसतील, असंही असेल." सहसा हे वंशात चालत नाही. संसर्ग तर नाहीच.

काळजी फक्त डोळ्याची. आतही हा रंग असला तर काचबिंदूचा धोका वाढतो, अशा दहातल्या साधारण एकाला तो होऊ शकतो. डोळ्याच्या आत कर्करोग होणं फार दुर्मिळ, तेही गोऱ्या वंशात जास्त दिसतं. पण वर्षातून एकदा तपासायचं. त्या दिवशी उजव्या डोळ्याचा दाब १४ होता, डाव्याचा १८. १० ते २१ मध्ये असला की ठीक. मी अजून दर दिवाळीच्या सुट्टीत जाते. डाव्याचा आकडा ऐकेपर्यंत पोटात गोळा असतो, ऐकला की बाहेर येऊन उसाचा रस पिते.

एक गोष्ट मी विचारलीच. पेशींचा रंग तर काळा-तपकिरी, मग डाग निळा का? डॉक्टर म्हणाले, "आजीला गोंदलेलं होतं का?" गोंदायला काजळी वापरतात आणि काजळी काळी असते. पण ती कातडीच्या खोल थरात गेली की हिरवी-निळी दिसते. उजेड आत शिरतो, त्यातला तांबडा खोलवर जाऊन गडप होतो, निळा विखरून परत येतो. रंग खोल असला की निळा दिसतो, वर असला की तपकिरी. वांग वरचं असतं म्हणून तपकिरी. म्हणूनच माझ्या जायफळाचा आणि लिंबाचा काही उपयोग झाला नाही. ते बिचारे दारातच थांबले होते. मी लहानपणी आजीच्या हाताला गाल लावून जे बघितलं होतं, ते बरोबरच होतं म्हणायचं. दोन्ही रंग एकाच खोलीत राहत होते.

तो ओटा कोण होता, हेही मी नंतर शोधलं. मासाओ ओटा, टोकियोचा त्वचारोगतज्ज्ञ. १९३९ मध्ये त्यानं या डागाचं सविस्तर वर्णन केलं. जन्म १८८५, मृत्यू १९४५. कुष्ठरोगावर काम केलेला माणूस. आणि किनोशिता मोकुतारो या टोपणनावानं तो कविता आणि नाटकं लिहायचा. शेवटच्या वर्षांत, युद्ध चालू असताना, तो दिसेल त्या रानफुलाचं, झाडपाल्याचं चित्र काढत बसायचा. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं. माझ्या तोंडाकडं बघून डागाला नाव ठेवणाऱ्यांत एक तरी माणूस पानाफुलांकडंही तसाच बघणारा होता.

आता आईचं. नाव सांगितलं त्या दिवशी ती जास्त काही बोलली नाही. चार-पाच दिवसांनी रात्री दिवे मालवल्यावर माझ्या अंथरुणाशी येऊन बसली.

"त्या डॉक्टरला इचारलंस का, हात लागल्यानं होतं का म्हणून?"

"कशाचा हात?"

मग तिनं सांगितलं. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. दुपारी सूर्यग्रहण होतं. खाली कर्नाटक-आंध्रातून खग्रास दिसलं, आमच्याकडं खंडग्रास, पण घास मोठा होता. आईला पाचवा महिना. आजीनं तिला माजघरात बसवून ठेवलेलं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, कडी लावायची नाही, पाणी प्यायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही. बाहेर उजेड पितळी झाला आणि कोंबड्या अवेळीच डालग्याकडं निघाल्या. तेवढ्यात आईच्या डाव्या गालावर माशी बसली. तिनं हात मारला.

एवढंच. जूनमध्ये मी झाले, डाव्या गालावर सावली घेऊन. तिनं कुणाला सांगितलं नाही. आजीला नाही, दादांना नाही. ३१ वर्षं ती जायफळ उगाळत राहिली.

मी शिक्षिका आहे, मला उदाहरण दिल्याशिवाय सांगता येत नाही. म्हटलं, "दिंडी असती ना आई, तसं असतंय ते. पाठीकडून दिंडी निघती. सगळे वारकरी पंढरपूरला पोचतेत, काही वाटंतच मुक्काम करतेत."

"पोचतच न्हाईत?"

"न्हाई. तिथंच राहतेत."

"मग ग्रहण?"

"दिंडी ग्रहणाच्या लई आधी निघाली होती."

ती बराच वेळ अंधारात बसून होती. मग "पहाटं पाणी यायचंय" म्हणाली आणि उठून गेली. यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पण २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी ग्रहण होतं तेव्हा मी माहेरी होते. आई दारात विळी घेऊन बसली आणि ग्रहण सुटेपर्यंत तिनं मेथी, कांद्याची पात, दोन भोपळे आणि नको असलेला कोबी चिरला. दादा म्हणाले, "एवढी भाजी कुणाला?" ती म्हणाली, "आसू द्या."

लेसरबद्दल लोक फार उत्सुकतेनं विचारतात, म्हणून सांगते, पण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. गोंदण काढतात त्याच जातीचा लेसर. निमिषाच्याही कितीतरी लहान भागात तो रंगाच्या कणांवर पडतो, कण फुटतात, आणि मग शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी महिनोन्महिने तो चुरा उचलत राहतात. म्हणून दोन बैठकांत काही महिन्यांचं अंतर ठेवतात. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचा लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण तो वरचा रंग फारसा न दुखवता खाली पोचतो. डोळ्यावर धातूची टोपी बसवतात, पापणीच्या आत, भूल घालून. मग ताणलेलं रबर सोडावं तसे चटके आणि केस जळल्याचा वास. पाच बैठका केल्या, २०१४ च्या हिवाळ्यापासून. पगारातून. कपाळ बरंच निवळलं, गाल निम्म्यावर आला, पापणी तशीच. डोळ्यातल्या पाटीच्या तुकड्याला लेसर लागतच नाही.

डॉक्टरांची सक्त ताकीद होती, ऊन नको. लातुरात राहणाऱ्या माणसाला ऊन नको म्हणणं म्हणजे माशाला पाणी नको म्हणणं. सहावी बैठक एप्रिल २०१६ मध्ये ठरली होती. त्या महिन्यात शहरात पाणीच नव्हतं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते तेव्हाच. टँकरच्या रांगेत घागरी घेऊन भर उन्हात उभं राहताना स्कार्फ गुंडाळायचं सुचलं नाही. चेहरा करपला. डॉक्टर म्हणाले पावसाळ्यानंतर या. पावसाळा त्या वर्षी चांगला झाला, मांजरा नदी भरून आली, आणि मी गेले नाही. खास काही निश्चय वगैरे नव्हता. कंटाळा आला होता.

मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे.

२००७ सालची गोष्ट. अंबाजोगाईहून लातूरला एसटीनं येत होतो. गर्दी होती. मला आणि मुलीला एका म्हातारीशेजारी जागा मिळाली, नवरा मागं दांड्याला धरून उभा. म्हातारी माझ्याकडं बघत होती. माझी डावी बाजू तिच्याकडं. रेणापूर जवळ आलं तेव्हा तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "लई मारतो का माय?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी हसून म्हणाले, "न्हाई मावशी, जन्माचं हाय हे."

म्हातारीनं मान हलवली. म्हणाली, "मी म्हशीचं सांगायचे. म्हशीनं शिंग मारलं म्हणायचे."

मी काही बोलले नाही. ती बोलत राहिली. खिडकीबाहेर बघत, बाजारभाव सांगावा तशा आवाजात. म्हैस विकल्यावर काय सांगायचं असा प्रश्न पडला होता म्हणे, मग दाराचं सांगायला लागले. एकदा मनगट मोडलं तेव्हा विहिरीच्या पायरीवर घसरले म्हणाले. तो मरून अठरा वर्षं झाली. हे तिनं लेकीला सांगितलं नव्हतं, सुनेला नव्हतं. उतरताना तिनं मागं उभ्या माझ्या नवऱ्याकडं असं पाहिलं की तो बिचारा बाजूला सरकला. "काय केलं मी?" त्यानं मला विचारलं.

तोवर मी हे धरलंच नव्हतं. पण एकदा कळल्यावर मग सगळीकडं दिसायला लागलं. भाजीवाली मला दोन मिरच्या जास्त टाकायची. बँकेतल्या बाई उगीच नंबर लिहून द्यायच्या. शाळेत पालकसभेला येणाऱ्या आया सगळे गेल्यावर रेंगाळायच्या, आणि पोराच्या गणितावरून सुरू झालेलं बोलणं कुठल्या कुठं जायचं. नवऱ्यानं तर याचा फार त्रास सोसला. गावच्या जत्रेत एकानं त्याला बाजूला घेऊन समजावलं होतं, "बाईमाणसावर हात उगारू न्हाई." तो आजही बाजारात माझ्यापासून चार पावलं लांब चालतो आणि मी त्याला दोष देत नाही.

सुरुवातीला मी घाईनं खुलासा करायचे. जन्माचं आहे, ओटा म्हणतात, जपानी डॉक्टर, अमुक तमुक. खुलासा झाला की समोरची बाई "हो का" म्हणायची आणि पदर सावरून निघून जायची. तिच्या ओठांवर आलेलं तिथंच राहायचं. मग मी खुलासा उशिरा करायला शिकले. खोटं बोलत नाही. विचारलं तर सांगते. पण विचारेपर्यंत गप्प बसते. हे बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या नवऱ्याच्या मते चूक.

मागच्या वर्षी चौथीतल्या एका मुलीच्या डोळ्याखाली निळं दिसलं. पुढं काय झालं ते त्या लेकराचं आहे, इथं सांगायचं नाही. सुरुवातीचं तेवढं सांगते, कारण त्यात मी आहे.

मधल्या सुट्टीत तिला जवळ बोलावलं. "काय झालं गं?"

ती पटकन म्हणाली, "बाई, मलापण तुमच्यासारखंच हाय. जन्माचं."

मी तिला पहिलीपासून ओळखत होते.

वर्गात मुलं माझ्या चेहऱ्याबद्दल विचारतात तेव्हा मी त्यांना सांगते, अगदी चित्र काढून, दिंडीसकट. तिनं ते नीट ऐकून ठेवलं होतं. माझा डाग तिनं उसना घेतला होता, जशी पोरं कंपासमधलं खोडरबर घेतात. मी तिला काही म्हणाले नाही. डबा खाल्लास का, एवढंच विचारलं. चौथ्या दिवशी तिच्या डोळ्याखालचं हिरवट झालं, सहाव्या दिवशी कडेनं पिवळं पडलं. माझं ४५ वर्षांत कधी पिवळं पडलं नाही.

शाळेच्या भिंतीवर १०९८, हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर, मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे. तो आकडा मी रोज वाचते. पण फोन करायच्या आधी मला तिच्या आईला बघायचं होतं. शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. वस्तीच्या टोकाला दोन खोल्या, पुढं शेणानं सारवलेला ओटा. मुलगी मला बघून आत पळाली. आई बाहेर आली, डोक्यावरून पदर पुढं ओढलेला.

"पडली व्हती खेळताना," ती मी विचारायच्या आधीच म्हणाली.

"बरं," मी म्हणाले.

मग दोघी उभ्याच. आत कुणीतरी खोकलं. ती माझ्या चेहऱ्याकडं बघत होती. मला माहीत असलेलं बघणं, आधी पापणी, मग गाल, मग डोळ्यातला तो तुकडा. लेकीनं तिला दिंडीची गोष्ट सांगितलेली असणार.

"बाई," ती आवाज खाली घेऊन म्हणाली, "तुमचं खरंच जन्माचं हाय का वो?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

तिनं एकदा आत वळून पाहिलं. मग पदरानं ओट्याची कड झटकली आणि म्हणाली, "बसा."